खंडेनवमीला बॅकअप उघडून बघितला तेव्हा...

खंडेनवमीला आमच्या कारखान्यातली सगळी मशीन बंद असतात. यंदा त्याच दिवशी मी सगळ्यांचा जीव टांगणीला लावला... म्हणजे आधी माझाच लागला.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं युनिट आहे, जुन्या छपाई मशीनचे सुटे भाग बनवतो. मूळ कंपन्या कधीच बंद पडल्या, त्यामुळे ड्रॉइंग फक्त आमच्याकडे, आणि ती सगळी एकाच सर्व्हरवर. स्कॅन झाल्यावर कागद रद्दीत गेले. ड्रॉइंग गेली तर धंदा गेला, आणि आम्ही सगळे घरी.

इथलं कॉम्प्युटरचं सगळं मी एकटी बघते. बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आल्यापासून मी साहेबांच्या मागे लागले होते. आता बॅकअपला कुलूप लागतं, कुणाला तो डिलीट करता येत नाही. रोज ते स्वतःच बॅकअपमधला सर्व्हर चालू करून बघतं आणि त्याच्या स्क्रीनचा फोटो मेल करतं. आणि सगळ्यात झकास म्हणजे, मूळ सर्व्हर मेला तरी थेट बॅकअपमधून काम चालू ठेवता येतं.

साहेबांचं उत्तर ठरलेलं... चालतंय ना, मग कशाला हात लावतेस. पण मी सोडणाऱ्यातली नाही. रोज चहाच्या वेळी विषय काढला, शेवटी वैतागून हो म्हणाले.

नवं व्हर्जन टाकलं. रोज सकाळी फोटो यायला लागला, लॉगिनची स्क्रीन आणि बाजूला हिरवी टिक. साहेब खूश. मला मात्र चैन पडेना... दार दिसलं म्हणजे घरात सामान आहे असं थोडंच असतं? मला एक तरी ड्रॉइंग उघडून बघायचंच होतं.

त्यासाठी खंडेनवमी बरी पडणार होती. पूजेची जबाबदारी सावंतकाकांकडे असते. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, मूळचे कणकवलीकडचे. प्रत्येक मशीन बंद करायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. लेथला तसा सर्व्हरलाही. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. चालू राहतो तो फक्त कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा डबा, आणि माझा बॅकअप सर्व्हर त्या डब्याच्या आतच चालतो.

मी साहेबांना म्हटलं, सर्व्हर बंदच आहे तर आज कंपनी बॅकअपवर चालवून दाखवते. तयार झाले.

आरती झाली, पेढे वाटून झाले. मी घरून आणलेल्या लॅपटॉपवर क्लिक केलं आणि काही मिनिटांत आमचा सर्व्हर बॅकअपमधून उभा राहिला. काकांना म्हटलं, कुठलंही एक ड्रॉइंग सांगा. त्यांनी एका गिअरचं सांगितलं.

फोल्डरच नव्हतं. ड्रॉइंगची अख्खी डिस्कच नव्हती...

माझ्या आधी कुणीतरी ड्रॉइंगसाठी दुसरी डिस्क जोडली होती, पण बॅकअपला मात्र पहिलीच घ्यायला सांगितलेली, आणि नव्या व्हर्जनने तीच जुनी सेटिंग उचलली. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेवढं इमानाने घेत होतं आणि टिक देत होतं. म्हणजे आमचं सगळं एकाच ठिकाणी होतं, हार घातलेल्या त्या बंद सर्व्हरमध्ये.

आणि तो म्हातारा झालाय. वर्षानुवर्षं गरम चालणारी डिस्क रात्रभर गार पडली की कधीकधी फिरतच नाही. गेल्या दसऱ्याला त्याने उठताना इतके नखरे केले होते की माझी वाट लागली होती.

मी म्हटलं, आत्ताच चालू करूया. साहेबांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली.

"आज नाय गो. पूजा झाली, आता मशीनीक उठवूचा नाय."

साहेबही म्हणायला लागले, एका रात्रीने काय होतंय, उद्या बघू. मला रागच आला. सर्व्हरवर हात ठेवला तर अजून कोमट होता.

"काका, हा अजून गरम आहे. उद्या नाही फिरला तर तुमचं एकही ड्रॉइंग परत मिळणार नाही. तुम्ही रागवा माझ्यावर, पण मी आजच चालू करणार."

काका पुढे आले, स्वतःचा तळवा सर्व्हरवर ठेवला. मग हार काढून टेबलावर ठेवला, हात जोडले.

"तू बाजूक हो. बटण मीच दाबतंय. देवीक काय सांगूचा ता मी सांगतंय."

सर्व्हर कण्हला, थांबला, परत कण्हला... साहेबांच्या हातातला पेढा तसाच राहिला होता. मग स्क्रीन आली, आणि तिच्यावर ड्रॉइंगची डिस्क. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मग मी खुर्चीवरून उठले नाही. दोन्ही डिस्कचा बॅकअप घेतला, कुलूप लावलं, आणि सर्व्हर पुन्हा बॅकअपमधून उभा केला. संध्याकाळ झाली होती, पण कुणी घरी गेलं नव्हतं. गिअरचं ड्रॉइंग उघडलं. काकांनी त्याचे दात एकेक करून बघितले आणि म्हणाले, बरोबर आसा.

मग त्यांनी मूळ सर्व्हर बंद करायला लावला आणि हार परत घातला. आता उद्याची भीती नव्हती.

जाताना त्यांनी विचारलं, तुझी ती बॅकअपची मशीन खंय आसा, तिका कुंकू लावूचा रवला. मी म्हटलं, काका, तिला वेगळा डबाच नाही, ती नुसतं सॉफ्टवेअर आहे, लावणार कुठे? त्यांनी क्षणभर विचार केला, करंड्यात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं.

इतक्या वर्षांचा नेम त्यांनी माझ्या एका शब्दावर मोडला, याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. एरवी मी टिकलीही लावत नाही... पण त्या दिवशी मुलुंडला घरी पोचेपर्यंत ते कुंकू पुसलं नाही.