मॅडम अजून तयार नाहीत

आमचे दाजी, म्हणजे माझ्या मिनलताईचे यजमान भीमराज, यांना दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसवणं म्हणजे छळ आहे. त्यांचा आणि बाकीच्यांचाही. शेजारी बसून उजवा पाय खाली दाबत राहतात, जसा काही ब्रेक तिथेच आहे. माझ्या लग्नात मला हॉलवर नेणाऱ्या जीपमध्ये ते पुढे बसले होते. उतरल्यावर नवरदेवापेक्षा तेच जास्त घामाघूम.

वीसेक वर्षं ते गाडीच चालवतात. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून साहेब येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि जातात. कंत्राटदार त्यांना गाडी आणि ड्रायव्हर पुरवतो. दाजींनी एक कोरियन साहेब सांभाळला, मग एक इटलीचा, जो तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये मोठमोठ्याने गायचा. साहेब गेला की दाजी घरी बसायचे. पुढचा मिळेपर्यंत त्यांचं तोंड असं उतरलेलं असायचं की ताई त्यांना मुद्दाम दळण आणायला पाठवायची, तेवढेच बाहेर जातील म्हणून.

मग हाना मॅडम आल्या, जर्मनीच्या. कंपनीत क्वालिटीचं काम बघतात, राहतात निगडी प्राधिकरणात, आणि रविवारी दाजींना घेऊन किल्ले बघायला निघायच्या. त्यांच्याकडे लागून दाजींना वर्ष झालं आणि एके दिवशी मॅडमनी स्वतःच्या पैशांनी एक पांढरी जुनी गाडी घेतली. लायसन्सही काढलं. आणि दाजींना म्हणाल्या, "भीमराजजी, मला इथलं ड्रायव्हिंग शिकवा. रविवारी."

दाजी हो म्हणून घरी आले आणि जेवले नाहीत.

"ती सोताच चालवाय लागली, तर मला कशाला ठिवंल?" एवढंच म्हणाले. वय सत्तेचाळीस, लेक बारावीला, आणि कंत्राटदाराकडे पंचविशीतल्या पोरांची रांग. भीती खोटी नव्हती. ताई म्हणाली, "मग शिकवूच नका." पण मॅडमना नाही म्हणायची दाजींची टाप नव्हती.

शिकवणी सुरू झाली. जर्मनीत वीस वर्षं गाडी चालवलेली बाई, पण तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून इथे सगळं उलटं. गिअर टाकायला हात दरवाज्यावर आपटायचा. वळायचं म्हटलं की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू. कडक उन्हात काच पुसत पुसत मॅडम प्राधिकरणातून फिरायच्या. चौकात म्हातारी दिसली की गाडी थांबवून वाट द्यायच्या. इथे थांबलेल्या गाडीवर कोण विश्वास ठेवतो? म्हातारी जागची हलायची नाही. शेवटी एकीने वैतागून हातच जोडले, "जा की बाई आता!"

खरा घोळ दिव्यांचा. समोरच्याने दिवे चमकावले की त्यांच्याकडे त्याचा अर्थ, आधी तुम्ही जा. आपल्याकडे अर्थ, मी आलोय, मध्ये येऊ नकोस. चिखलीच्या कोपऱ्यावर एका टेम्पोने दिवे मारले, मॅडमनी हसून त्याला हात केला आणि थेट त्याच्या पुढ्यात गाडी घातली. वीतभर अंतर राहिलं. टेम्पोवाल्याने मॅडमना काही म्हटलं नाही. दाजींचे मात्र सगळे पूर्वज काढले.

पण बाई हुशार आणि चिवट. महिन्याभरात दिव्यांचा अर्थ कळला, हॉर्न कळला, गर्दीत नाक घालायचं कसं तेही कळलं. दर रविवारी शेवटी विचारायच्या, "मी तयार आहे का?"

आणि दाजी मान हलवायचे. "अजून नाही, मॅडम."

कधी म्हणायचे क्लच नीट सुटत नाही, कधी आरसा बघत नाहीत, कधी पावसाळ्यात एकदा बघू. तेव्हा मार्च चालू होता!

मला हे बघवेना. मी तोंडावर म्हणालो, "दाजी, शोभत नाही तुम्हाला हे. सरळ विचारा ना, नोकरी राहणार का जाणार."

"इचारलं आन् जाणार म्हनली, तर?"

राग आला मला. एवढा सरळ माणूस, आणि दर रविवारी एका बाईच्या तोंडावर खोटं बोलतो. ताईचा राग वेगळा होता. घरी रविवार असा उरलाच नव्हता.

एप्रिलमधल्या एका रविवारी चाकणच्या कंपनीतली माझी रात्रपाळी सुटली आणि बसचा पत्ता नाही. दाजी शिकवणीसाठी मॅडमना घेऊन चाकणपर्यंत आले होते, मला मागच्या सीटवर घेतलं. दाजी आदल्या रात्री कुणा पाहुण्याला आणायला मुंबई विमानतळावर गेलेले, डोळे लालबुंद.

चाकण सोडताना कंटेनरची ही रांग. एका दुचाकीवाल्याने उलट्या बाजूने येऊन आडवी घातली. मॅडमनी दोनदा हॉर्न मारला, त्याला जागा दिली आणि मागच्या ट्रकच्या आधी आपली गाडीही काढली. मी दाद द्यायला दाजींकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय शांत होता. मोशी आली, पाय शांत. मला धसकाच बसला, माणसाला काही झालं की काय! पुढे वाकून पाहतो तर दाजी घोरत होते.

मॅडमनी आरशातून माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मग भक्ती-शक्ती चौकाच्या पुढे त्यांनी एकेक खड्डा चुकवत गाडी इतकी हळू नेली की मागचा रिक्षावाला शिव्या देऊन दमला. मॅडमच्या बंगल्यासमोर गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा कुठे दाजी दचकून उठले.

मॅडम हिंदी-इंग्रजीची मिसळ करून बोलतात, दाजीही त्यांच्याशी तसंच, मी आपला मराठीत सांगतो. त्या म्हणाल्या, "भीमराजजी, तुम्ही झोपला होतात."

"नुसते डोळे मिटले होते, मॅडम."

"घोरत होतात," मी म्हणालो. गप्प बसणं मला कधीच जमलं नाही.

"मग मी तयार आहे का?"

दाजींनी सीटबेल्ट सोडला. मग म्हणाले, "तयार आहात. महिन्यापूर्वीच झालात. मीच सांगितलं नाही. तुम्ही पास झालात तर माझी नोकरी जाईल, म्हणून."

माझे कान तापले. वीस वर्षांच्या ड्रायव्हरने हे आपल्या तोंडाने सांगायचं, तेही मेव्हण्यादेखत. मान त्यांनी खाली घातली, मी खिडकीबाहेर पाहिलं.

मॅडमना आधी कळेचना. कळल्यावर त्या म्हणाल्या, "पण कंपनी मला कामावर गाडी चालवूच देत नाही. नियमच आहे तसा. सोमवार ते शनिवार तुम्हीच लागणार. मी शिकले ते रविवारसाठी. तुम्हाला बायको आहे, मुलगी आहे आणि मी दर रविवारी तुम्हाला घेऊन किल्ले बघत फिरते. मला लाज वाटायची. तुमचा रविवार तुम्हाला परत द्यायचा होता."

दाजींनी रुमाल काढला आणि घाम पुसल्यासारखं करून डोळे पुसले. मला हसू आवरेना. नोकरी जाऊ नये म्हणून या माणसाने हाती येणारे रविवार घालवले होते! घरी ताईला सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली, आणि हसता हसता एकदम म्हणाली, "किती भ्यालात हो तुम्ही."

पुढच्या रविवारी ताईने मॅडमना जेवायला बोलावलं. मॅडम एकट्या गाडी घेऊन आल्या. चिखलीतली आमची गल्ली म्हणजे एका बाजूला वर्कशॉपचं भंगार, दुसऱ्या बाजूला दुचाक्या. अख्खी गल्ली बघायला जमली. जो तो हातवारे करून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडत होता. एकटे दाजी दारात उभे होते, हात मागे बांधून. मॅडमनी गाडी एका दमात उलटी आत घेतली आणि भंगाराला खेटून लावली.

"भीमराजभाऊ," शेजारच्या वर्कशॉपवाल्याने डिवचलं, "गोरी मॅडम सोता चालवाय लागली की! आता तू काय करणार?"

दाजींनी दार सताड उघडलं.

"आज काय बी न्हाई," ते म्हणाले. "आज सुट्टी हाय मला."