रेशमाच्या कुंडीपाशी

या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा हसून पान उलटते... आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या लिंगायत घरात उतारे, गंडेदोरे, अंगात येणं यांना थारा नव्हता, आणि पुढे मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरी ही एक गोष्ट उरतेच.

आमचं गाव खजुरी, आळंद तालुका. तेव्हा आम्ही हैदराबाद राज्यात होतो. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील; मी नऊ-दहा वर्षांची. ज्वारीच्या काढणीत धाटांच्या बुडाशी मला हरणाचं पाडस दिसलं — एकटं, पाय पोटाशी घेऊन गप्प बसलेलं. मला वाटलं, पोरकं आहे बिचारं! परकराच्या ओच्यात घालून घरी घेऊन आले.

अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, कपाळाला हात लावला.

"कामून आणलीस गं नीलव्वा? माय त्याला लपवून चरायला गेली असंल. येती की ती परत!"

लगेच नेऊन जागेवर ठेवलं. पण तोवर तिथली ज्वारी कापून झाली होती, आडोसाच उरला नव्हता. दोन दिवस वाट पाहिली, हरिणी काही आली नाही. पाडस गाईचं दूध घेईना, शेळीला तोंड लावीना. कापसाची वात भिजवून ओठांत धरली तरी दुधाचा ओघळ बाहेर यायचा. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. त्याला आईपासून मीच तोडलं होतं, आणि ते मला चांगलं कळत होतं.

गुलबर्ग्याच्या अलीकडे, कडगंची ओलांडल्यावर एका जहागीरदाराचा रमणा होता — तारेच्या कुंपणातलं खासगी रान, हौसेनं पाळलेली चितळं, काळविटं. जहागिरी गेल्या, कुंपण जागोजाग पडलं, पण म्हातारे राखणदार चांदसाब तिथंच राहिले होते. अप्पा त्यांना जनावरांसाठी हुलगे पोचवायचे, त्यामुळे ओळख होती. तिसऱ्या दिवशी पाडस डालग्यात घालून आम्ही आळंदहून सर्व्हिस मोटारीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "शेळीचं हाफ तिकीट लागतंय बघा, अप्पा." सगळी मोटार हसली. मला मात्र त्याचा असा राग आला! खिडकीबाहेर करडई फुलली होती, अप्पांचा एक हात डालग्यावर आणि एक माझ्या पाठीवर... तो प्रवास आठवला की अजून बरं वाटतं.

पोचलो तेव्हा चांदसाब असरची, म्हणजे उतरत्या दुपारची नमाज आटोपून लिंबाखालच्या दगडी कुंड्यांत भिजवलेले हुलगे टाकत होते. प्रत्येक जनावराची कुंडी ठरलेली. "मोती... जुगनू..." नाव घेतलं की ते ते जनावर झाडीतून यायचं आणि आपल्या कुंडीत तोंड घालायचं. मी रडायचं विसरले. एका कुंडीपाशी त्यांनी हाक मारली, "रेशमा..." कुणी आलं नाही. ते पुढे गेले.

"चाचा, रेशमा कामून आली न्हाई?"

"वो गई, बेटी. पिछले साल मेहमान लोगां शिकार करे. बच्चा दो दिन का था उसका."

"मग नाव कशाला घेता?" अप्पांनी हसत विचारलं.

"नाम नै लिये तो बाकी के खातेच नै."

मग चांदसाब म्हणाले, रिकामी जागा हीच आहे, ठेवा इथं. मी पाडस रेशमाच्या कुंडीपाशी ठेवलं. सकाळपासून त्याला उभंही राहवत नव्हतं. ते उठलं. लटपटत चार पावलं गेलं, मान वर केली आणि ढुसण्या द्यायला लागलं... वासरं कासेला देतात तशा. शेपटी हलायला लागली. चुकचुक आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. लख्ख ऊन होतं. त्याच्या पुढ्यात काही म्हणजे काहीच नव्हतं.

मी जवळ जाऊन त्याचं तोंड पुसलं. बोटांना पांढरा, दाट फेस लागला. कोमट. पोट टम्म झालं होतं.

"बाजू हटो बेटी, उसकू पीने दो," चांदसाब म्हणाले आणि पाठमोरे झाले. सगळ्या गोष्टींची टिंगल करणाऱ्या माझ्या अप्पांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला होता.

ते पाडस जगलं. पुढच्या सुगीला आम्ही त्याला पाहून आलो, चांगलं उफाड्याचं झालं होतं. नंतर रमणा मोडला, तिथं शेती झाली. मी स्वतःला पुष्कळ समजावलं... उपाशी पिल्लू हवेतही चोखतं, तो लाळेचा फेस असेल. पण लाळेनं पोट भरत नाही. घरात कुणी मला हसलं की अप्पा मध्येच म्हणायचे, "व्हय, मी बी बघितलो."

त्या दिवशी परतताना मोटारीत रिकामं डालगं मांडीवर घेऊन मी त्यांना विचारलं होतं, "अप्पा, त्याच्या मायनं मला माफ केलं असंल का?"

अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "कोणत्या मायनं, बाळ?"