शेजारशेजारचे नंबर

दोस्तांनो, आत्ताच विमा ऑफिसातनं घरी आलोय. पुढ्यातला चहा गार झाला.

माझ्या टेम्पोला आजवर साधा ओरखडा न्हाय. तरी यंदा हप्ता वाढवलाय आणि सवलतबी काढून घेतलीया. का, तर म्हणं गेल्या साली कागलजवळ माझ्या गाडीचा मोठा अपघात झाला!

तो अपघात सलीमच्या टेम्पोचा. आम्ही जुने दोस्त. पाडव्याला दोघांनी मिळून गाड्या काढल्या आणि हौसेनं शेजारशेजारचे नंबर मागून घेतले. माझ्या गाडीम्होरं नारळ त्यानं फोडला, त्याच्या गाडीम्होरं मी. आता नंबरातल्या त्या एका आकड्यानंच घोळ घातलाय.

काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "चूक झालेली दिसतेय, पण मला ती बदलता येत नाही. त्या गाडीच्या मालकांना घेऊन या. अपघात त्यांच्या गाडीचा होता, असं त्यांनी सही करून द्यायला पाहिजे."

"मॅडम, त्याच अपघातात गेला की वो तो!"

त्यांनी परत स्क्रीनकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाल्या, "पण इथं त्यांच्या गाडीला अपघातच झालेला नाही."

मी चांगला भांडायच्या तयारीनं गेलतो. पण ते ऐकलं आणि खिशातनं पैसे काढले. वाढलेला हप्ता भरला आणि बाहेर आलो.

आता तुम्हीच सांगा, दुरुस्तीसाठी भांडत बसू का? अख्ख्या जगात त्या एकाच ठिकाणी सलीमची गाडी अजून धडधाकट हाय.