बोटीचा पाय आणि आमचे भाऊजी

आमच्या ह्यांच्या मावसभावाइतका पाण्याला भिणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि धरणावरची बोट दुरुस्त करायला लोकांना नेमके तेच सापडले. भाऊजी तसे ट्रॅक्टरचे मिस्त्री. मूर्तिजापूरच्या रस्त्याला त्यांचं दुकान. आंघोळीला बसले तरी बादली हातभर लांब ठेवतात. एकदा लग्नाला जाताना पूल आला, तर एसटीत डोळे गच्च मिटून बसले अन् पलीकडे गेल्यावर मला विचारलं, "वैनी, लय पाणी होतं का खाली?" उन्हाळ्याचे दिवस, खाली नुसती वाळू. मी म्हटलं, "होतं की." एवढा जीव मुठीत धरलेला, वाया कशाला घालवायचा?

माणसांशी त्यांचं बोलणं म्हणजे काय सांगावं. गिऱ्हाईक मोटारीतून उतरो की सायकलवरून, "काऊन बे, काय मोडून आणलं?" हीच सलामी. पण मशीन समोर आलं की जिभेवर साखर. "बाईसाहेब, जरा सरका," असं म्हणत बोल्ट फिरवतील. आणि काम चालू असताना चहा दिला तर घ्यायचे नाहीत. "आधी तिले पाजू द्या, मंग मले."

तर झालं असं, की माझी थोरली बहीण, आमची ताई, राहते धरणापलीकडच्या गावात. आठवड्यातून दोनदा तिला अकोल्याला डायलिसिसला यावं लागतं. बोटीनं वीस मिनिटांत ती इकडच्या रस्त्याला लागते, नाही तर वळसा घालून अर्धा दिवस जीपमध्ये हाडं खिळखिळी. पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडावर आपटून त्या बोटीचा पाय मोडला आणि ताई माझ्याकडे येऊन राहिली. पाय हे नाव भाऊजींचं. इंजीन असतं बोटीच्या पोटात, आणि मागून जो जाडजूड भाग बाहेर पाण्यात लोंबतो, खाली पंखा असलेला, तो पाय. दोन महिने ताईचा एकच धोशा, "माही म्हैस दुसऱ्याच्या हातानं पान्हावत नाही व, मले घरी जाऊ दे." रात्रीचं जेवण अर्धं ताटात राहायचं. ते बघून माझाही घास उतरायचा नाही.

शेवटी नवा पाय आला, लाकडी खोक्यात, दोन तुकड्यांत. दुकानात जागा नाही म्हणून भाऊजींनी तो माझ्या अंगणात आणला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि अंगणात काय, तर बोटीचा पाय. माझं जुनं लुगडं अंथरून त्यावर त्यांनी एकेक भाग ओळीनं मांडला. दोन्ही तुकडे जोडले, मधली रबरी कडी बसवली, बोल्ट आवळले, आणि पाय उभा करून वरच्या भोकातून तेल ओतलं. खोक्यातलं इंग्रजी पुस्तक मी चाळत होते. इंग्रजी मला पाट्या वाचून आलं तेवढंच, पण चित्रातला बाण खालच्या भोकाकडे होता.

"भाऊजी, हे तेल खालून भरायला सांगतात."

"वैनी, साठीले आलो. तेल खालून भरतांनी अजून कोणाले पाह्यलं नाही. पुस्तक उलटं तं नाही धरलं तुमी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसली होती. भाऊजींनी निघता निघता वरचा स्क्रू काढून पाहिलं, तर तेल चांगलं चार बोटं खाली गेलेलं. ते तसेच उकिडवे बसले. मग सगळं तेल काढलं, खालच्या भोकाला पंप लावला आणि खालून भरू लागले. वरच्या भोकातून बुडबुडे येतच राहिले, आत कोंडलेली हवा ती. "मधातच गियर जळला असता," ते हळूच म्हणाले, "अन् ताई बसून असत्या बोटीत." मग माझ्याकडे न बघता, "वैनी, त्या पुस्तकाले माफी मांगतो म्हना."

दुपारी धरणावर, बोट काठावर ओढून, चार जणांनी पाय उचलला. त्याचा दांडा इंजिनात शिरेना. भाऊजींनी आतले दाते जुळावेत म्हणून पंखा जरासा फिरवला, "या, बाईसाहेब, घाई नाही," म्हणाले, आणि दांडा आत गेला. नट आवळले. पाणी आत येऊ नये म्हणून असलेला रबरी भाता तीनदा चाचपून पाहिला आणि बोट पाण्यात सोडायला सांगून स्वतः दहा पावलं मागे सरकले.

ताई म्हणाली, "मिस्त्री, तुमी बसान तवाच मी बसीन."

भाऊजींनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा. ताईची पिशवी छातीशी धरली, डोळे मिटले. नावाड्यानं इंजीन चालू केलं आणि आम्ही तिघं निघालो. इंजीन एका लयीत चाललं होतं, पलीकडचा काठ जवळ येत होता, आणि ताई दोन महिन्यांत पहिल्यांदा हसत होती. तिला तिचं गाव दिसत होतं. माझाही जीव भांड्यात पडला.

उतरल्यावर भाऊजींनी डोळे उघडले. "वैनी, किती पाणी होतं?"

"गुडघाभर," मी म्हटलं.

परत येताना ते जीपनं आले, अर्ध्या दिवसाचा वळसा घालून.

ताई गेली तशी माझ्या घरात तिची एक कॉट रिकामी झाली. आता डायलिसिसच्या दिवशी परतताना ती बोटीतून फोन करते. भाऊजी त्या वेळी बरोबर माझ्याकडे येऊन बसलेले असतात. "ताई, फोन इंजिनापाशी धरा," एवढंच म्हणतात, आणि डोळे मिटून ऐकत राहतात, पलीकडे बोट लागून आवाज बंद होईपर्यंत. समोरचा चहा निवून जायचा. मी आता फोन ठेवल्यावरच ओतते.