देवयानीतली धूळ

आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेतली धूळ तिथल्या ताऱ्यांचा किती प्रकाश अडवते, हे मोजणं माझं काम आहे. आज धरमपेठेतल्या घरी पडदे झटकताना नाकात धूळ गेली आणि लहानपणीची कोराडीची कॉलनी आठवली.

चौथीचा निकाल घेऊन मी फाटकाकडे धावले होते. बाबा कोळशाच्या वीजकेंद्रातून नुकतेच आले होते, भुवयासुद्धा राखेने करड्या झालेल्या. "थांब वं, आंगावर राख हाये. आंघोळ करून येतो," म्हणत ते मागे सरले. मी रुसले नाही, मैत्रिणींना निकाल दाखवायला पळाले.

ताऱ्यांच्या उबेने धूळही मंद उजळते, हे मी पुढे शिकले. पण ते ज्यांना सांगावं, ते बाबा तेव्हा हयात नव्हते.

निकालाच्या त्या संध्याकाळी ओल्या केसांनी ते बराच वेळ फाटकात उभे होते, असं आई परवा सहज बोलून गेली.