खालच्या बाकावरचे वडील

माझ्या भाचीला नोकरी लागली, पण ती नेमकं काय करते हे घरात कुणाला सांगता येईना. लोकांना बोलवायचं, मोबाइलवरचं अ‍ॅप हातात द्यायचं आणि ते कुठे अडखळतात हे शेजारी बसून बघायचं. मदत अजिबात करायची नाही.

"नुसतं बघायचा पगार कोण देतं?" आमचे दाजी, म्हणजे तिचे वडील, म्हणाले.

दाजींचा स्वभावच संशयी. लिफ्टमधला आरसा तिथे कशाला लावलाय, यावरही ते विचार करतात. पोरीला कुणीतरी फसवतंय हे त्यांनी लगेच ठरवून टाकलं. रोज स्कूटरवरून तिला ऑफिसात सोडायला लागले. सोडून घरी जातात अशी तिची समजूत होती.

तिची नोकरी अजून कच्ची होती. तिने घेतलेली अ‍ॅपची पहिली चाचणी नीट झाली तरच पक्की होणार होती. अ‍ॅप होतं दवाखान्यात डॉक्टरांची वेळ घ्यायचं. येणारे सगळे एकजात म्हणत, "छान आहे, एकदम सोपं." तिच्या वरिष्ठ बाई खूश होत्या. भाची मात्र माझ्याकडे तोंड पाडून आली.

"मामा, कुठेतरी पाणी मुरतंय."

"लोक कौतुक करतायत तर घे की पदरात."

"तोंड सोपं म्हणतं आणि अंगठा त्याच दोन बटणांमध्ये येरझाऱ्या घालतो. एक काकू तर वेळ न घेताच 'झालं' म्हणाल्या. वर मलाच म्हणाल्या, काळजी करू नकोस बाळ."

मग तिने सगळ्यांवरच संशय घ्यायला सुरुवात केली. माणसं पाठवणाऱ्या एजन्सीवर, बाईंवर, चहावाल्यावरसुद्धा. बापाची लेक शोभत होती. शेवटी चाचणीला आलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला तिने सरळ विचारलं, "आजोबा, खरं सांगा, कोणी काही शिकवलंय का?"

"शिकवतंय कोण? खाली बाकावर तुझे वडील भेटले. पोरीची पहिली नोकरी आहे, सांभाळून घ्या म्हणाले."

ती तशीच खाली गेली. दाजी पुढच्या नंबराच्या काकूंना पंख्याखाली जागा करून देत होते.

"बाबा, माझ्या कामाचं वाटोळं केलंत तुम्ही."

"मी कुणाला वाईट बोला म्हटलं का?" दाजी खरोखर गोंधळले होते.

गप्प बसली असती तर नोकरी पक्की होती. बाई खूश होत्या, कुणाला कळणारही नव्हतं. मी तेच सुचवलं. तिने माझं ऐकलं नाही. बाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा उतरला. चाचणी पुन्हा घे, मग तुझं बघू, एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी तिने माझ्यादेखत दाजींना टेबलाशी बसवलं आणि फोन हातात दिला.

"गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्या. आणि समजा, मी तुमची कुणी नाही."

ते वाक्य दाजींना लागलं. मलाही लागलं. त्यांनी चष्मा सारखा केला, इकडे दाबलं, तिकडे दाबलं, परत पहिल्याच पानावर आले. मग लेकीकडे बघितलं. तिचा हात पुढे आला होता. तो तिने मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"छान आहे," दाजी म्हणाले.

ती नुसती बघत राहिली. दाजींनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"नाही गं जमत मला."

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कामावरचाच होता.

"कुठे अडलं, बाबा?"