व्हॉल परत बसवणारे इनास मेस्त्री

इनास मेस्त्रींची आणि माझी पहिली ओळख झाली, त्या दिवशी मी चोर ठरलो. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करतात का, असं संपादक मंडळातल्या एका गृहस्थांनी मला विचारलं. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या. खरं सांगायचं तर ही अट माझी नाही, मेस्त्रींचीच आहे. पंचाहत्तरीचा ग्रंथ काढायचा म्हटल्यावर ते आधी "माका कित्याक ह्यां?" म्हणत गॅरेजच्या मागे निघून गेले. मग परत येऊन मला म्हणाले, "तू लिवतलस तर ता पयला लिव. नायतर लिवू नको." तेव्हा तेच आधी लिहितो.

वीसेक वर्षांपूर्वी मी तारकर्लीत एका लॉजवर ड्रायव्हर होतो. लॉजच्या मालकांना सगळे तात्या म्हणत. ओरोस स्टेशनवर उतरलेले पाहुणे आणायचे आणि परत पोचवायचे, हे माझं काम. गाडी जुनी, पण कॉम्प्युटरवाली. कार्ब्युरेटर जाऊन इंजिनावर कॉम्प्युटर आला, त्या पहिल्या खेपेतली. एका मे महिन्यात ती तापायला लागली, म्हणून तात्यांनी स्वतः मालवणला मेस्त्रींकडे नेऊन ती दुरुस्त करून आणली. तापणं थांबलं, पण तेव्हापासून गाडी पेट्रोल प्यायला लागली. टाकी भरावी आणि दोन फेऱ्यांत काटा खाली! तात्यांचा संशय माझ्यावर आला. मी आईची शपथ घेतली, गाडीतच काहीतरी बिघडलंय म्हणून भांडलो, आणि शेवटी ते मला आणि गाडीला घेऊन मेस्त्रींच्या दारात उभे राहिले.

मेस्त्रींनी टाकी पाहिली, पाइप पाहिले, इंजिन चालू करून कान दिला. मग हात पुसत म्हणाले, "इंजिनात दोष नाय. पेट्रोल जाता खंय, ता चलवणाऱ्याक इचारा."

एवढंच बोलले. पण गाडीच्या बाबतीत मेस्त्री बोलले की त्यावर आमच्या किनाऱ्यावर कुणी बोलत नसे. संध्याकाळच्या आत माझी नोकरी गेली. मी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढायला जाऊ लागलो. मी रस्त्यात दिसलो की दोघेतिघे आपापल्या मोटारसायकलच्या टाकीवर हात ठेवायचे आणि हसायचे. आईने बाजारात जाणं सोडलं. लग्नाचं जुळत आलं होतं, तेही फिसकटलं. मेस्त्रींचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं, हे आज त्यांच्या गौरवाच्या पानावर लिहिताना मला लाज वाटत नाही.

पुढची हकिगत मला त्यांनीच नंतर सांगितली. धामापूरच्या एका शिक्षिकेची तशीच गाडी होती. तीही उन्हाळ्यात तापली म्हणून मेस्त्रींनी दुरुस्त केली आणि तीही पेट्रोल प्यायला लागली. बाई स्वतःच गाडी चालवायच्या. मेस्त्री विचारात पडले. इथे तर ड्रायव्हरच नाही, मग चोर कोण?

त्यांनी प्लग खोलून पाहिले, तर ते काजळीने काळे झाले होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की दोन्ही गाड्यांवर आपला एकच हात फिरला आहे. इंजिनाभोवतीचं पाणी पुरेसं तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक झडप असते, थर्मोस्टॅट. आम्ही तिला व्हॉल म्हणतो. गाडी तापली की व्हॉल काढून फेकायचा, ही आमच्याकडच्या सगळ्याच मेस्त्रींची जुनी रीत. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते खपून गेलं. या नव्या गाडीत मात्र पाण्याची गरमी सांगणारा एक सेन्सर होता. मेस्त्रींनी तो काढला, पेजेच्या टोपात पाणी घेऊन त्याचं टोक बुडवलं, मीटर जोडला आणि टोप चुलीवर चढवला. पाणी तापत गेलं, तसा मीटरचा आकडा उतरत गेला. कॉम्प्युटर हाच आकडा वाचतो. आकडा मोठा म्हणजे इंजिन थंड, आणि थंड इंजिनाला पेट्रोल जास्त द्यायचं, एवढंच त्याला माहीत. व्हॉलच नसल्यामुळे पाणी पुरतं तापत नव्हतं. बिचाऱ्या कॉम्प्युटरला भर दुपारीसुद्धा वाटत होतं, की गाडी आत्ताच झोपेतून उठली आहे.

बाईंच्या गाडीत नवा व्हॉल बसवून मेस्त्री गप्प राहिले असते, तर कुणाला काय कळणार होतं? त्यांच्यावर कुणी बोट दाखवलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीने तारकर्लीत आले. आम्ही रापण ओढत होतो. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत ते वाळूत उभे राहिले. मग टोपी काढून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्येणा पेट्रोल चोरूक नाय. ता गाडीन खाल्ल्यान, आणि गाडीक खावक लावलंय मी. त्या दिवशी मी प्लग खोलूक नाय, नुसतो कान दिलंय. माझा चुकला."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "आता कित्याक इलात? माझ्या आवशीन बाजार सोडल्यान, तेवा खंय होतात?"

"गॅरेजात होतंय. माका ठावक नाय होता. काल कळला, म्हणान आज इलंय."

मी दोर टाकला आणि चालता झालो. माफ वगैरे काही केलं नाही. ते तिथून तात्यांकडे गेले, गाडीत व्हॉल बसवला आणि हट्ट धरला की आठ दिवस गाडी मीच चालवायची आणि टाकी तात्यांनी रोज स्वतः बघायची. मी चालवली. काटा आता किती सावकाश उतरतो, ते तात्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आठव्या दिवशी त्यांनी मला पुन्हा नोकरीवर बोलावलं. मी नाही म्हणालो आणि मेस्त्रींच्या गॅरेजात जाऊन उभा राहिलो. ज्या कामामुळे मी बुडालो, ते काम मला शिकायचं होतं. "ये," म्हणाले, आणि हातात पाना दिला.

तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी काम करतो. मेस्त्री गोड बोलणारे नाहीत. चुकलं की गिऱ्हाइकासमोर ओरडतात, आणि जेवायला मात्र स्वतःच्या डब्यातलं आधी आम्हाला वाढतात. ज्या ज्या गाड्यांचे व्हॉल त्यांनी काढले होते, त्या आठवून आठवून त्यांनी परत बोलावल्या. लोक हसले. "मेस्त्री पूर्वी काढायचे, आता घालतात," अशी थट्टा बाजारात चालली. ती ऐकत त्यांनी काम पुरं केलं. आजही जुनी गाडी आली की ते आधी विचारतात, पाणी किती तापतं? मग वरचा पाइप हातात धरून थांबतात, व्हॉल उघडून तो थंडाचा एकदम गरम होईपर्यंत.

मध्यंतरी मासळीचा धंदा करणारे एक शेठ आले. व्हॅन पेट्रोल फार खाते, ड्रायव्हर काही करतो का, असं त्यांनी हळूच विचारलं. मेस्त्रींनी हातातलं काम ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, मी यंत्राचा सांगीन. माणसाचा माका इचारू नकात." आणि ती व्हॅन दोन दिवस स्वतः चालवून पाहिली, तेव्हा कुठे पेट्रोल गळत असलेली नळी सापडली. मी मागच्या खोलीत जाऊन चेहरा धुतला.

मेस्त्री, ग्रंथाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. मला त्या नटवून देता येत नाहीत. तुम्ही तारकर्लीत आलात त्याच दिवशी आमच्या घरापुढच्या खळ्यातही येऊन उभे राहिला होतात, आणि माझ्या आईने तुम्हाला दिलेले शाप मान खाली घालून ऐकले होते. "ह्यो मेलो तर बरा," इथपर्यंत ती बोलली होती. आज ती ऐंशीच्या पुढे आहे. रोज सकाळी दिवा लावताना घरातल्या सगळ्यांची नावं घेते आणि सर्वांत शेवटी तुमचं घेते. तिचे शब्द मी इथे जसेच्या तसे लिहितो, कारण माझंही मागणं तेच आहे: "देवा, त्या मेस्त्रीक मी काय काय बोललंय, ता सगळा इसरान जा. त्येका बरो ठेव, आणि लय वर्सां ठेव."